बाईंवर दोन पाने लिहिताना

माझ्या पत्नीचे भाद्रपदात, गौरी-गणपतीचे विसर्जन होऊन आठवडा झाला असताना, पहाटे निधन झाले. अमळनेर तालुक्यातील बोरी नदीकाठच्या खेड्यांमध्ये ती तीस वर्षांहून अधिक काळ जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका होती आणि 58 व्या वर्षी नियमाप्रमाणे निवृत्त झाल्यावरही साक्षरतेचे वर्ग, निराधार बायकांचे अर्ज आणि नेत्रदानाचा प्रसार ही तिची कामे थांबली नव्हती. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटल्याच्या, दिवशी तिच्या शेवटच्या शाळेचे मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, की 3 जानेवारीला सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीच्या कार्यक्रमात बाईंविषयी दोन पाने वाचायची आहेत आणि ती तुम्हीच लिहावीत. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो, टिपणे आणि अहवाल लिहिण्यात आयुष्य गेले, त्यामुळे दोन पाने म्हणजे दोन दिवसांचे काम असे समजून मी होकार दिला. प्रत्यक्षात त्याला साडेतीन महिने लागले.

सुरुवात मात्र त्या पहाटेपासूनच करावी लागेल. छातीत दुखते आहे असे म्हणून ती उठून बसली आणि गाडी दाराशी येण्यापूर्वीच सगळे संपले. डॉक्टरांनी तपासून मृत्यू झाल्याचे सांगितले तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती. मला काही सुचत नव्हते, पण मुलीने आधी खोलीतला पंखा बंद केला, आईच्या पापण्या नीट मिटवल्या, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या आणि डोक्याखाली दोन उशा दिल्या. हे सारे तिला आईनेच शिकवले होते. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात, पंख्याच्या वाऱ्याने बुबुळ कोरडे पडते, डोके उंच ठेवले की नंतर रक्त येत नाही, चष्मा असला किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असले तरी नेत्रदान करता येते, ही वाक्ये आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारली गेली होती की ती पाठ झाली होती. दर वर्षी 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर या नेत्रदान पंधरवड्यात ती गावोगाव फिरत असे आणि घरी आल्यावर म्हणत असे, "अहो, अर्ज भरणारे पुष्कळ भेटतात, फोन करणारा पाहिजे." मरणाऱ्याने अर्ज भरलेला असला तरी पुढे संमतीची सही घरच्यांनाच करावी लागते, आणि अर्ज भरलेला नसला तरी घरच्यांच्या संमतीने नेत्रदान होते. त्या पहाटे फोन करणारा मी होतो.

नेत्रपेढीची माणसे पावणेआठला आली. तोपर्यंत घर भरले होते. थोरल्या वहिनींनी रडता रडता मला विचारले, की पुढच्या जन्मी ती आंधळी जन्मली तर? मी उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हतो. शेजारच्या आजी, ज्यांच्या यजमानांचे नेत्रदान माझ्या पत्नीनेच घडवून आणले होते, त्या उठून वहिनींजवळ जाऊन बसल्या आणि त्यांचा हात धरून राहिल्या. आत वीसेक मिनिटे काम चालले. रक्ताचा नमुना घेतला, दोन साक्षीदारांसमोर माझी सही घेतली आणि दार उघडले तेव्हा तिचा चेहरा जसा होता तसाच होता, पापण्या मिटलेल्या. तिच्या बुबुळांनी कोणाला दिसू लागले ते नेत्रपेढी सांगत नाही आणि आम्ही विचारलेही नाही.

तिसऱ्या दिवशी तापी आणि पांझरेच्या संगमावर, कपिलेश्वराजवळ अस्थिविसर्जन झाले. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी मी संबंधित कार्यालयात गेलो. तेथील कर्मचाऱ्याने माझ्याकडे न पाहता भराभर फॉर्म भरला आणि सहीसाठी पुढे सरकवला. कारकुनी सवयीने मी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मृत व्यक्तीचा व्यवसाय या रकान्यात "गृहिणी" असे लिहिले होते, मला एका शब्दाने न विचारता. मी म्हणालो, "साहेब, त्या शिक्षिका होत्या." ते म्हणाले, "आता निवृत्तच होत्या ना, काय फरक पडतो?" मला फरक पडत होता. घरकाम तिने आयुष्यभर केले आणि ते कमी प्रतीचे काम आहे असे मी मुळीच मानत नाही, पण ज्या बाईने आपल्या पहिल्या नेमणुकीचा आदेश प्लास्टिकच्या पिशवीत घालून लग्नाच्या शालूखाली जपून ठेवला होता, तिच्या शेवटच्या कागदावर तिचे काम चुकीचे लिहिले जावे हे मला सहन होईना. नवा फॉर्म मागून घेतला आणि त्या रकान्यात मी माझ्या हाताने "निवृत्त प्राथमिक शिक्षिका" असे लिहिले. पुढे प्रमाणपत्र आले तेव्हा तिच्या नावातील पहिली वेलांटी दीर्घ पडलेली होती. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर लाल शाईने गोल करण्यात जिची बोटे झिजली, तिच्या नावात ती चूक तशीच राहू देणे शक्य नव्हते. दुरुस्तीसाठी आणखी तीन खेपा झाल्या.

कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या कागदांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, कारण ते काम तिनेच करून ठेवले होते. कपाटात एक पाकीट होते आणि त्यावर "माझ्यानंतर" असे लिहिलेले होते. आत निवृत्तिवेतन आदेशाची प्रत, आमचा जोडीचा फोटो, बँकेचे पासबुक, आणि डी.एड.च्या प्रमाणपत्रावरील माहेरचे नाव व सासरचे नाव एकाच व्यक्तीचे असल्याचे राजपत्राचे कात्रण. सोबत चिठ्ठी होती: "मूळ प्रत कोणालाही देऊ नये. झेरॉक्स द्यावी. पोच घ्यावी." तिच्या हस्ताक्षरातील तो आज्ञार्थ वाचून मला त्या दिवसांत पहिल्यांदा हसू आले आणि मग बराच वेळ रडू आवरले नाही.

त्यानंतर मी लिहायला बसलो. पहिला मसुदा एका बैठकीत झाला. प्रेमळ, कर्तव्यदक्ष, विद्यार्थिप्रिय, मनमिळाऊ, मातृहृदयी. वाचून पाहिले तर गंधमुक्तीच्या दिवशी चार वक्त्यांनी केलेली भाषणेच मी उतरवून काढली होती, आणि त्या चारांपैकी दोघांनी तिला वर्गात शिकवताना एकदाही पाहिले नव्हते. अमळनेरात हा धोका अधिक आहे असे मला वाटते. साने गुरुजींनी 1924 ते 1930 या काळात याच गावात शिक्षक म्हणून काम केले, वसतिगृहातील मुलांची सेवा केली, आणि तेव्हापासून आमच्याकडे कोणत्याही चांगल्या शिक्षकासाठी ती सगळी विशेषणे तयार असतात. ज्यांच्यासाठी ती पहिल्यांदा वापरली गेली त्यांना ती शोभतात. आमच्या हिला ती दुसऱ्याच्या मापाच्या ब्लाउजसारखी दिसत होती. मी कागद बाजूला ठेवला आणि कपाटाच्या खालच्या खणातल्या वह्या काढल्या.

त्या अठ्ठावीस वह्या होत्या, सगळ्या दोनशे पानी, खाकी कव्हरच्या, प्रत्येक पानावर डावीकडे समास आखलेला. समासात तारीख, उजवीकडे काम, आणि काम झाले की लाल शाईची बरोबरची खूण. त्यांत रोजनिशीसारखे, मनातले असे काही नव्हते. "बुधवार. वस्तीवर जाणे, दोघी बहिणी तीन दिवस नाहीत, कापूस वेचणी?" "धल्लीचा (म्हातारीचा) श्रावणबाळ पेन्शनचा अर्ज, रेशनकार्डावर वय चूक." "तिसरीतल्या मुलाला फळा दिसत नाही, चष्म्याचे बघणे." या नोंदी मी आठवडाभर वाचत होतो. तीस वर्षांहून अधिक काळ जिच्याबरोबर संसार केला, ती शाळा पाच वाजता सुटल्यापासून सात-साडेसातच्या एस.टी.ने घरी येईपर्यंत काय करत होती, याचा पहिला पत्ता मला तिच्या मृत्यूनंतर लागला. मी विचारले नव्हते असे नाही. मी विचारत असे, ती "शाळेचेच काम होते" असे म्हणत असे, आणि मला तेवढे पुरत असे.

मग ठरवले की नोंदींमधल्या माणसांकडे जायचे. आश्विन आणि कार्तिक असे दोन महिने मी आठवड्यातून दोन-तीन दिवस त्या गावांना जात होतो. शेतांत वेचणी जोरात होती, त्यामुळे दुपारी माणूस घरी सापडत नसे, वावरातच जावे लागे. एका बाईने कापसाची ओटी न सोडता उभ्या उभ्या मला सांगितले, "बाईनी माले नाव लिखाले शिकाडं." एवढेच बोलून ती पुन्हा ओळीला लागली, आणि मी बांधावर बसून राहिलो. संध्याकाळी ती स्वतः होऊन माझ्याजवळ आली, घरी घेऊन गेली आणि तिने बचत गटाचे पासबुक दाखवले. त्यावर अंगठ्याच्या जागी सही होती. पहिल्या पानावरची सही थरथरणारी, ओळीखाली उतरलेली, आणि शेवटच्या पानावरची घट्ट, झोकदार. ती सही ती बँकेत गेली की दर वेळी आधी बाईंना दाखवत असे. "आते मन्ही सही कोन दखी?" असे तिने मला विचारले.

याच फेऱ्यांमध्ये मला एक असा माणूस भेटला, ज्याने मला अडवले नसते तर मी पुन्हा गोड गोड असेच काही लिहून बसलो असतो. आता त्याचे वय पन्नाशीकडे आहे, स्वतःचा ट्रॅक्टर आहे. तो म्हणाला, "तुम्ही बाईंचे चांगले चांगले गोळा करता आहात. माझी गोष्ट लिहाल का?" ही तिच्या नोकरीतली पहिली नेमणूक होती. तिचे माहेर नाशिक जिल्ह्यात, लग्न होऊन खान्देशात आलेली, अहिराणी तिला अजिबात समजत नव्हती. पहिलीच्या वर्गात या मुलाला तिने विचारले, की पाटी कुठे आहे. तो म्हणाला, "आठे शे." तिने दोनदा सांगितले, की "इथे आहे" असे म्हण. त्याने दोन्ही वेळा "आठे शे" असेच म्हटले, कारण पाटी खरोखरच आठे होती. वर्ग हसला, आपली थट्टा होते आहे असे तिला वाटले, आणि तिने त्याला चापट मारून वर्गाबाहेर उभे केले. मुलगा घरी निघून गेला आणि पुढे शाळेत येईनासा झाला.

पाचव्या दिवशी बाई त्याच्या घरी गेल्या. त्याची आई भाकरी थापत होती. बाई चुलीजवळ बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, "मला तुझी भाषा येत नाही. तू मला शिकवशील का? मी तुला माझी शिकवते." तो माणूस ही हकीगत सांगताना हसत होता, पण गालावर हात ठेवून सांगत होता. पुढचे वर्षभर रोज मधल्या सुट्टीत त्याने तिला पाच शब्द दिले. ती वही मला त्या अठ्ठावीस वह्यांच्या तळाशी सापडली होती, पण तिचा उगम ठाऊक नसल्यामुळे मी ती बाजूला ठेवली होती. घरी येऊन पुन्हा उघडली. पहिल्या पानावर पहिला शब्द: "आठे – इथे." त्याखाली तठे, आते, बठ्ठा, आंडोर, आंडेर, धल्ला. पानाच्या कोपऱ्यात त्या मुलाचे नाव आणि पुढे कंसात "गुरुजी".

ही गोष्ट तिने मला कधी सांगितली नाही. नंतरच्या वर्षांत नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकांना ती आवर्जून सांगत असे, की पहिले सहा महिने मुलांची बोली ऐका, तिला चूक म्हणू नका, तिच्यावरूनच पुस्तकातल्या मराठीकडे जाता येते. तिच्या सहकाऱ्यांना हा तिचा अध्यापनाचा विचार वाटत असे. तो एका चापटीच्या पश्चात्तापातून आला होता हे मला आता कळले. हे लिहावे की नाही यावर मी पुष्कळ विचार केला. गेलेल्या माणसाचे उणे काढू नये असे आपल्याकडे म्हणतात. पण ज्याला चापट बसली तोच ते लिहा म्हणत होता, आणि तिच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट वगळून मी जे लिहिले असते ते खोटे झाले असते.

सर्वांत अवघड भाग पत्नी म्हणून तिच्याविषयी लिहिण्याचा होता. माझी नोकरी फिरतीची, कधी चोपड्याला, कधी धरणगावला, शनिवारी घरी यायचे आणि सोमवारी पहाटे निघायचे. सासूबाई म्हणजे माझी आई अंथरुणाला खिळली ती चार वर्षे, दोन मुलांच्या शाळा, पाहुणे, उन्हाळ्यातले पापड-बिबडे, थंडीत पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचे भरीत, हे सारे तिने केले, आणि मला ते जणू आपोआप होत असल्यासारखे वाटत असे. साक्षरतेचा रात्रीचा वर्ग ती गावात घेत असे तेव्हा एका शनिवारी मी घरी आलो तर ती आलेली नव्हती. नऊला आली. मी मुलांसमोर बोललो, की या घराची धर्मशाळा झाली आहे. तिने उत्तर दिले नाही. हातपाय धुऊन ती भाकरी टाकायला बसली. मलाही नंतर वाईट वाटले, पण मी ते बोलून दाखवले नाही, आणि मग तो विषय मागे पडला.

वहीत त्या आठवड्याचे पान सापडले. सोमवारच्या तारखेसमोर लिहिले होते: "वर्ग साडेआठऐवजी आठला संपवणे. शनिवारी सुट्टी. ह्यांचे जेवण." समोर लाल खूण. त्या वर्गाला येणाऱ्या दोन बायकांना मी भेटलो होतो आणि त्या सहज म्हणाल्या होत्या, की पुढे पुढे बाई घाईने निघत, आमचे वाचन अर्धे राहत असे. तेव्हा मी त्या वाक्याकडे लक्ष दिले नव्हते. आता पान समोर ठेवून बसल्यावर मला कळले, की त्या बायकांचा रोजचा अर्धा तास माझ्या एका वाक्यापायी गेला होता. ते पान मी तिच्या शालूखाली, नेमणुकीच्या आदेशाजवळ ठेवले आहे.

दोन पाने लिहून झाली तेव्हा डिसेंबर संपत आला होता. त्यांत विशेषण एकही नव्हते. नेत्रदानाची पहाट होती, "आठे शे" होते, पासबुकातल्या सह्या होत्या, चष्मा मिळालेला तिसरीतला मुलगा होता आणि रात्रीचा वर्ग आठला का संपू लागला तेही होते. 3 जानेवारीला शाळेच्या पटांगणात मी ते वाचले. ट्रॅक्टरवाला मागे उभा होता. चापटीचा भाग आला तेव्हा माझा आवाज थांबला, तेव्हा त्यानेच मागून मोठ्याने "आठे शे" म्हणून सांगितले, आणि मुले हसली, मोठी माणसेही हसली, आणि मी पुढे वाचू शकलो.

मात्र शेवटच्या वहीतली एक नोंद खूण न झालेली होती. वस्तीवरच्या दोन बहिणींसाठी, ज्यांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, शिक्षण हमी कार्ड भरून घ्यायचे होते, म्हणजे ज्या गावात फड असेल तेथील शाळेत त्यांना बसता येते आणि परत आल्यावर वर्ग बुडत नाही. ही नोंद मी वह्या वाचताना सुरुवातीलाच पाहिली होती. मुख्याध्यापकांकडून दोन्ही कार्डे भरून घेऊन मी ती दिवाळीच्या चौथ्या दिवशी वस्तीवर पोहोचवली. ट्रक रात्री निघणार होता. मुलींच्या आईने कार्डे कुंकवाच्या डबीत घडी करून ठेवली. लाल खूण करायला मी पेन घेतले होते, पण मुली परत येईपर्यंत काम झाले असे म्हणता येत नव्हते.

वैशाखात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही तिची पहिली घागर भरली. मातीच्या नव्या घागरीवर डांगर (खरबूज) आणि सांजोऱ्या ठेवल्या, मुलीने खापरावर पुरणाचे मांडे केले, आमरस केला, चुलीत आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकली. वहिनी पुढे होऊन मला एकेक गोष्ट सांगत होत्या. दुपारी जेवणे उरकत असताना दारात त्या दोघी बहिणी आपल्या आईबरोबर आल्या, उन्हाने काळवंडलेल्या, अंगावर नवे फ्रॉक. माहेरवाशिणींचे झोके शेजारच्या निंबाला टांगलेले होते, त्यांच्याकडे त्यांचे सारखे लक्ष जात होते. आईने डबी उघडून दोन्ही कार्डे माझ्या हातात दिली. परगावच्या शाळेचा शिक्का होता, हजेरीचे दिवस लिहिलेले होते, थोरलीचे अठ्ठ्याऐंशी आणि धाकटीचे एक्क्याण्णव. मी त्यांना आधी जेवायला बसवले, मग कपाटातली शेवटची वही काढली.